खोल दर्याची आणेवारी

ज्या पाण्यात माणसाची दृष्टी पोहोचत नाही, जाळे पोहोचले तरी पुरेसे धरीत नाही, आणि जिथली खबर किनाऱ्यावर केवळ प्रतिध्वनीच्या रूपाने येते, त्या पाण्यातील मत्स्यसंपत्तीचा आकडा कितपत विश्वसनीय मानावा, हा प्रश्न पनवेलसारख्या गावी चर्चेस यावा याचे परस्थाच्या मनाला नवल वाटेल. कारण आज पनवेल म्हटले की महामार्ग, रेल्वेचे जंक्शन आणि गाढी नदीच्या आसमंतात उठलेल्या इमारती एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हे गाव मुळात बंदर. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते खाडीतून इथवर येत आणि भात, मीठ भरून परत जात. आजही तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी रवाना करणारे कारखाने चालू आहेत, आणि शेजारच्या उरण तालुक्यातील करंजा बंदरातून होड्या दर्यात जातच आहेत. समुद्रात किती मासळी उरली आहे हा येथे अनेकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात केंद्र सरकारने आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत पसरलेल्या सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर पाण्यातील, मासेमारीचे नियम जारी केले आणि त्यांत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम दिला. तेव्हापासून माझ्या परिचयातील दोन व्यक्तींमध्ये जो वाद सुरू झाला, तो मी येथे मांडतो आहे. त्यांपैकी भाऊसाहेब हे महसूल खात्यात कारकुनीपासून चढत चढत मामलेदार होऊन निवृत्त झालेले गृहस्थ. पनवेल, उरण, अलिबाग या मुलखातील भातशेतीची आणेवारी ठरवण्यात त्यांची हयात गेली. ताई या मत्स्यशास्त्रज्ञ. सर्वेक्षण-जहाजांवरून अरबी समुद्रात हिंडलेल्या, आणि निवृत्तीनंतर नवीन पनवेलीत स्थायिक झालेल्या. दोघेही आपापल्या विद्येशी प्रामाणिक आहेत, आणि म्हणूनच त्यांचे पटत नाही.

आरंभ भाऊसाहेबांनी केला. “ताई, तुम्ही ध्वनीने मासे मोजल्याचे सांगता, तेव्हा मला आमची आणेवारी आठवते. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आण्यांखाली म्हणजे टंचाई, असा हा इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला शिरस्ता. आता त्याला पैसेवारी म्हणतात, आणि तिचेही आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम असे तीन अवतार होतात. पन्नास पैशांखाली आकडा गेला तर सारा तहकूब, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा-फी माफ. पन्नासच्या वर राहिला तर काही नाही. म्हणजे बांधावर उभे राहून तलाठ्याने केलेल्या एका अंदाजावर गावच्या गाव तरते किंवा बुडते. त्या अंदाजाला किती दिशांनी ओढ लागते, हे मी पाहिले आहे. आणि तिथे पीक निदान डोळ्यांना दिसत तरी होते! तुमच्या दर्यात तर काहीच दिसत नाही, आणि तरी तुमच्या अहवालात टनांचे आकडे असतात.”

ताईंना हा आक्षेप नवा नव्हता. त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, नजरअंदाज हा शब्द आमच्या पद्धतीला लागू पडत नाही, कारण तिच्यात नजर नाही आणि अंदाजही शेवटच्या पायरीवर येतो. जहाजाच्या तळाला बसवलेल्या यंत्रातून सेकंदाच्या एखाद्या सहस्रांशाइतका वेळ एक ध्वनीचा ठोका खाली सोडतात. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, तेव्हा ७५० मीटर खोलीवर असलेल्या माशाकडून उत्तर बरोबर एका सेकंदाने येते. उत्तराला किती वेळ लागला यावरून खोली कळते, आणि ते किती जोराचे आहे यावरून तिथे किती जीव आहेत हे कळते. जहाज समांतर रेषा आखून अहोरात्र चालत राहते, ठोक्यामागून ठोका पडत राहतो, आणि सबंध क्षेत्रातून परत आलेल्या ध्वनिशक्तीची बेरीज होते. एका माशाकडून किती शक्ती परत येते हे ठाऊक असेल, तर त्या बेरजेला त्याने भागले की संख्या मिळते. गणित एवढेच आहे.”

“आणि यंत्रच खोटे बोलले तर?”

“ते तपासण्याचा शिरस्ता आमच्याकडेही आहे. टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिलिमीटर व्यासाचा गोळा बारीक दोऱ्यांनी जहाजाखाली, यंत्राच्या बरोबर समोर टांगतात. त्या गोळ्याकडून किती प्रतिध्वनी यावा हे पदार्थविज्ञानाने आधीच ठरलेले असते. यंत्राने तेवढाच दाखवला तर यंत्र खरे, नाही तर त्याचे मोजमाप दुरुस्त करायचे. शांत उपसागरात जहाज नांगरून हे काम होते आणि कधी कधी त्याला सबंध दिवस लागतो. पण ते केल्यावाचून घेतलेला आकडा कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ छापत नाही.”

ताईंनी मग या विद्येचा थोडा इतिहास सांगितला. १९३५ साली ऑस्कर सुंड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थव्यांचा आलेख प्रसिद्ध केला. मासे कोणत्या खोलीवर, किती जाडीच्या थरात आहेत, हे त्या कागदावर प्रथमच उमटले. पुढे महायुद्धात, १९४२ साली, पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या खटपटीत असलेल्या अमेरिकन संशोधकांना कॅलिफोर्नियासमोरच्या खोल समुद्रात, जिथे तळ कित्येक हजार मीटर खाली होता तिथे, काहीशे मीटरांवरच एक दुसरा तळ दिसू लागला. हा खोटा तळ रात्री वर येई आणि पहाटे खाली जाई. तळ हलत नाही, प्राणी हलतात. तेव्हा तो सजीवांचाच थर होता, हे थोड्याच वर्षांत सिद्ध झाले. आपल्या किनाऱ्यावर हे काम व्यवस्थितपणे सुरू झाले ते १९७१ मध्ये, कोचीनला संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या प्रकल्पातून; रत्नागिरीपासून दक्षिणेकडे तारळी-बांगड्यांच्या थव्यांचे मोजमाप त्या प्रकल्पाच्या जहाजांनी केले. १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधून आणलेली ‘सागर संपदा’ ही नौका त्यानंतरची. तिचा कारभार आज कोचीच्या सागरी सजीव संपदा आणि परिसंस्था केंद्राकडे आहे. मुंबईला मात्र याआधीपासून जाळ्याची परंपरा आहे. १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने मुंबईसमोरचा समुद्र धुंडाळला होता, आणि ज्या संस्थेला आज भारतीय मत्स्य सर्वेक्षण म्हणतात ती १९४६ साली मुंबईतच खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र म्हणून सुरू झाली.

इतिहास ऐकून भाऊसाहेबांचे समाधान झाले नाही. त्यांनी उरणच्या नोकरीत पाहिलेली गोष्ट काढली. करंजाच्या कोळ्यांच्या डोल जाळ्यांत बोंबील येतो, टोपल्या भरभरून येतो. आणि त्याच होड्यांवर लावलेल्या फिशफाइंडरच्या पडद्यावर तो धड दिसत नाही, असे तांडेल त्यांना सांगत असत. “मग जो मासा आमच्या रायगडाचे पोट भरतो,” ते म्हणाले, “तोच जर तुमच्या यंत्राला दिसत नसेल, तर जो कोणी कधी पाहिलाच नाही त्याच्याबद्दल तुमच्या यंत्रावर मी का विसंबावे?”

माझ्या मते या संपूर्ण वादातील हा सर्वांत मार्मिक प्रश्न होता, आणि ताईंनी त्याला दिलेले उत्तरही तितकेच निर्भेळ होते. “तांडेल खरे सांगतात. प्रतिध्वनी माशाच्या देहापासून फारसा येतच नाही. ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यांच्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या पिशवीपासून येतो. शास्त्रात तिला वाताशय म्हणतात. कोळी भोत म्हणतात. घोळीच्या ज्या भोतासाठी व्यापारी लाखो रुपये मोजतात, तेच भोत ध्वनीलाही आरशासारखे परतवते. बोंबलाला भोत नाही. त्याचे मांस तर निम्म्याहून कितीतरी अधिक पाणीच. पाण्यातून जाणाऱ्या ध्वनीला पाण्यासारखाच असलेला देह अडवत नाही, तो आरपार जातो. म्हणून एखाद्या प्रतिध्वनीवरून ‘इथे एवढे टन मासळी आहे’ असे म्हणण्याआधी ती कोणती मासळी, तिच्या पोटात हवा आहे की चरबी की काहीच नाही, हे कळलेच पाहिजे. खोल पाण्यात हीच अडचण सर्वांत मोठी आहे. अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले, बोटभर लांबीचे जे कंदीलमासे त्या थरांत मुख्यत्वे असतात, त्यांच्यातल्या काही जातींच्या वाताशयात हवा असते, काहींच्यात चरबी. काही जातींत पिल्लाला हवा आणि प्रौढाला चरबी. शिवाय सायफोनोफोर नावाचे जेलीसारखे प्राणी त्याच थरांत तरंगतात. त्यांच्यातील काहींना टाचणीच्या डोक्याएवढा वायूचा बुडबुडा असतो, आणि त्या खोलीवरचा तो बुडबुडा आमच्या नेहमीच्या ३८ किलोहर्ट्झच्या ध्वनीला माशाइतकेच खणखणीत उत्तर देऊ शकतो.”

“म्हणजे जेलीचे मासे होतात!” भाऊसाहेब म्हणाले, पण त्यांच्या स्वरात विजयापेक्षा चिंता अधिक होती. आणि येथे त्यांनी, ज्यांच्याविषयी त्यांना अपार आदर आहे, त्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा दाखला दिला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने चाळीसच्या दशकात बांधावरच्या नजरअंदाजाला पर्याय म्हणून पीककापणी प्रयोगाची शिस्त या देशात रुजवली: चिठ्ठ्या टाकून गाव निवडावे, चिठ्ठ्या टाकून शेत निवडावे, त्यात ठरीव मापाचा चौकोन दोरीने आखावा, आणि त्यातील पीक कापून, झोडून, वजन करून त्यावरून तालुक्याचा अंदाज बांधावा. तुकडा लहान असावा की मोठा, यावर त्यांचा कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी जो प्रसिद्ध मतभेद झाला, त्याचे सार भाऊसाहेबांना मुखोद्गत आहे. दोरीवर पडलेले रोप आत धरावे की बाहेर, असा संभ्रम पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने त्याचा काठ मोठा, म्हणून लहान तुकड्याचे उत्पन्न फुगलेले निघते. “मला सुखात्म्यांनी शिकवले ते हे,” भाऊसाहेब म्हणाले, “की अंदाजाचा दोष नुसता कमीजास्त नसतो, त्याला दिशा असते. आणि ती दिशा हाताने कापून, तोलून, ताळा घेतल्याशिवाय सापडत नाही. तेव्हा ताई, मला प्रतिध्वनी नको. जाळे टाका आणि वजन करा. तीच दर्याची पीककापणी.”

“सुखात्मे आमचेही आहेत, भाऊसाहेब. विनायक गोविंद पानसे आणि आणखी एका सहकाऱ्यासह त्यांनी भारतातील सागरी मासळीच्या आवकेचा अंदाज नमुना-पद्धतीने कसा घ्यावा यावर १९५८ साली निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याआधी १९५१ पासूनच ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहत होते. पण ते बंदरावर उतरलेल्या मासळीचे मोजमाप होते, पाण्यात राहिलेल्या मासळीचे नव्हे. भाताचे रोप विळा पाहून पळत नाही. मासा जाळे पाहून पळतो. स्टाइन कार्टवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिले, की ट्रॉल जवळ येऊ लागताच कंदीलमासे त्याच्या वाटेतून दूर होतात, म्हणून जाळ्यात सापडलेल्या मासळीवरून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा फार कमी येतो. त्यातून बारीक मासळी जाळ्याच्या डोळ्यांतून निसटते ती निराळीच. सुखात्म्यांच्या लहान तुकड्यात रोप आत ओढले जात होते, आमच्या जाळ्यातून मासा बाहेर जातो. दोषाला दिशा असते हे तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, फक्त ती जाळ्यालाही असते एवढे तुम्ही मान्य करा.”

भाऊसाहेबांनी मान्य केले. पण लगेच, हिशेबाच्या माणसाला शोभेल अशा रीतीने, त्यांनी दोन्ही दिशांमधले अंतर विचारले. आणि ताईंनी जे आकडे सांगितले ते ऐकून मीही स्तब्ध झालो. मुख्यतः जाळ्यांच्या आधारे १९८० साली काढलेल्या अंदाजानुसार जगातील मध्यम खोलीच्या समुद्रात ही मासळी सुमारे १०० कोटी टन होती. २०१०-११ मध्ये मालास्पिना या स्पॅनिश मोहिमेने महासागर पार करताना घेतलेल्या प्रतिध्वनींवरून, २०१४ साली, तीच मासळी हजार कोटी टनांच्याही वर, ११०० ते १५०० कोटींच्या आसपास असावी असे अनुमान निघाले. आणि २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी, वाताशयातील हवा-चरबी आणि सायफोनोफोर यांविषयीच्या अनिश्चितता हिशेबात धरून, हा आकडा १८० कोटी टनांपासून १६०० कोटी टनांपर्यंत कुठेही असू शकेल असे सांगितले.

“म्हणजे एकास नऊ!” भाऊसाहेब उद्गारले. “मी जर ‘गावाची पैसेवारी दहा पैशांपासून नव्वद पैशांपर्यंत काहीही असू शकेल’ असा अहवाल कलेक्टरांकडे पाठवला असता, तर माझी चौकशी लागली असती.”

“आणि तुम्ही ‘पंचावन्न’ असा एकच आकडा पाठवला असता, तर तो स्वीकारला गेला असता,” ताई शांतपणे म्हणाल्या. “दोहोंतला खरा अहवाल कोणता?”

या प्रश्नानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मला वाटते, या वादाचे मर्म येथेच आहे. प्रशासनाला एकच आकडा हवा असतो, कारण एका आकड्यावर सही करता येते. व्याप्तीवर सही करता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञाच्या निबंधात जो आकडा आपल्या दोन्ही अंगांच्या संशयासह वावरत असतो, तो मंत्रालयाच्या दप्तरात पोहोचेपर्यंत संशयाची वस्त्रे उतरवून एकटा उभा राहतो. आपल्या देशाच्या समुद्रातून दरवर्षी किती मासळी काढता येईल याचा अधिकृत अंदाज २०११ साली ४४.१ लाख टन होता आणि २०१८ साली तो ५३.१ लाख टन झाला. मधल्या सात वर्षांत दर्या काही वाढला नव्हता. हे आकडे काढणाऱ्यांनी आपली कारणे दिलेली आहेत. पण सभेत, भाषणात, योजनेच्या पत्रकात कारणे कधीच येत नाहीत, आकडा मात्र येतो.

अरबी समुद्राचा विषय निघाला तेव्हा ताईंच्या बोलण्याला निराळी धार आली. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ध्वजाखाली ‘डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन’ हे नॉर्वेजियन जहाज १९७५ मध्ये प्रथम ज्या समुद्रात उतरले तो आपला वायव्येचा अरबी समुद्रच. ओमानच्या आखातापासून पुढे त्याच्या यंत्रांना जे थर दिसले, त्यांत बेंथोसेमा टेरोटम ही जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीची जात इतकी दाट होती, की उत्तर आणि पश्चिम अरबी समुद्रात अशी मासळी सुमारे दहा कोटी टन असावी असा अंदाज निघाला. आपल्या देशाची सागरी मासळीची सबंध वर्षाची आवक ३५ लाख टनांच्या आगेमागे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याने अनेकांच्या तोंडाला पाणी का सुटले ते कळते. “पण भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “मला त्या दहा कोटींचे तितकेसे महत्त्व वाटत नाही. दीडशे मीटरांखाली हजार मीटरांपर्यंत आपल्या समुद्रात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी हा एक. पण हे मासे दिवसभर त्याच पाण्यात राहतात, आणि अंधार पडला की वरच्या पाण्यात चरायला येतात. कोणता थर कोणत्या प्रहरी किती खोलीवर आहे, पावसाळ्यापूर्वी कुठे आणि नंतर कुठे, हे जाळ्याने शंभर वर्षांत कळले नसते. प्रतिध्वनीने ते एका सफरीत कळते. किती आहेत यावर आम्ही भांडतो. कुठे आहेत आणि केव्हा हलतात यावर कोणी भांडत नाही, कारण तिथे वाताशयाचे गणित आडवे येत नाही. मुंबईसमोर उथळ खंडभूमीच सुमारे तीनशे किलोमीटर पसरली आहे. तिच्या कडेपलीकडे जाणाऱ्या करंजाच्या होडीला डिझेल जाळण्यापूर्वी हे ज्ञान कामाचे नाही का?”

भाऊसाहेबांजवळ याला उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते शोधलेही नाही. वितरणाच्या बाबतीत ताईंचे म्हणणे निर्विवाद आहे असे मलाही वाटते. प्रमाण आणि वितरण या दोन गोष्टी एकाच यंत्रातून निघतात म्हणून त्यांची विश्वसनीयता एकच समजण्याची चूक आपण सामान्यजन करतो.

पण प्रमाणाचा प्रश्न भाऊसाहेबांनी सोडला नाही. जास्त पीक आल्याचे ठरवून चूक झाली तर काय होते, याचा खोल समुद्रातील एखादा दाखला त्यांनी मागितला. आणि ताईंनी, स्वतःच्या पक्षाला प्रतिकूल असूनही, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या ऑरेंज रफी या माशाची हकिकत सांगितली. हजार मीटरांच्या आसपास, बुडालेल्या डोंगरांच्या माथ्यांवर जमणारा हा मासा तिशीत वयात येतो आणि शंभर वर्षांहून अधिक जगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याची मासेमारी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत त्याचे साठे कोसळू लागले. त्याचे मोजमाप ध्वनीने करण्याची धडपड झाली. पण याच्या वाताशयात हवा नसून मेणासारखी चरबी, म्हणून त्याचा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण, आणि त्याच्या आसपास पोहणाऱ्या हवेच्या पिशवीवाल्या लहान माशांचा प्रतिध्वनी खणखणीत. एका माशाच्या प्रतिध्वनीचे मूल्य ठरवण्यात तीन डेसिबलची चूक झाली तर साठ्याचा आकडा दुप्पट होतो किंवा निम्मा. आणि या माशाच्या बाबतीत तेवढ्या फरकावर तज्ज्ञांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला. पुढे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ट्रॉलच्या जाळ्यावरच कॅमेरे आणि ३८ व १२० किलोहर्ट्झची यंत्रे बसवून ती थेट माशांच्या थव्यापर्यंत उतरवली. तेव्हा असे दिसले की हा मासा १२० ला अधिक जोराने उत्तर देतो आणि त्याचे हवावाले शेजारी ३८ ला, आणि मग दोघांना वेगळे ओळखता येऊ लागले.

“ओळखता येऊ लागले तोपर्यंत मासा किती उरला होता?” भाऊसाहेबांनी विचारले.

“२००६ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याची नोंद संरक्षणावर अवलंबून असलेल्या जातींत केली.” ताई क्षणभर थांबल्या. “तो मासा आमच्या यंत्राने संपवला नाही, भाऊसाहेब, मोजमाप होण्याआधीच सुटलेल्या परवान्यांनी संपवला. पण तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही.”

यानंतर मतभेद अखेरच्या मुद्द्यावर आला. भाऊसाहेबांचे म्हणणे असे, की व्याप्ती एकास नऊ असेल तर परवाने देताना सरकारने सदैव खालचाच आकडा धरावा, आणि वरचा आकडा कोणत्याही प्रस्तावात, दरखास्तीत वा पत्रकात छापण्यास मनाई असावी. ताईंना हे पटत नाही. खालचा आकडादेखील गृहीतकांवरच उभा असतो, त्याला सत्याचा मान देणे हाही एक नजरअंदाजच, असे त्या म्हणतात. आणि एखादा आकडा छापू नये असा हुकूम निघाला तर पुढे नको असलेला खालचा आकडाही कोणी दाबून ठेवील, याची त्यांना धास्ती आहे. कारभाराने सावधगिरीसाठी खालचा आकडा निवडावा हे त्यांना मान्य आहे. पण ती निवड कारभाराची आहे, मोजमापाची नाही, हे कागदावर लिहिलेले असावे असा त्यांचा आग्रह. या बाबतीत माझा कौल ताईंच्या बाजूने आहे. परंतु भाऊसाहेबांनी जोडलेली एक पुरवणी मला त्याहून मोलाची वाटते. ती अशी, की अशा प्रत्येक सर्वेक्षणाचा सारांश मराठीत, दोन्ही टोकांच्या आकड्यांसह, किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांच्या कचेऱ्यांत लावला जावा, जसे अंतिम पैसेवारीचे आकडे जाहीर होतात. आणि त्यावर हरकत घेण्यास मुदत असावी. आपल्या जाळ्यात काय येते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी यंत्राच्या आकड्याला प्रश्न विचारण्याची सोय आज तरी कुठे नाही, आणि बोंबलासारखा प्रश्न विचारण्याइतके ज्ञान करंजाच्या तांडेलांपाशी निश्चित आहे.

ताईंनी या पुरवणीला आपली यादी जोडली. तेच समांतर मार्ग पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, दिवसा आणि रात्री, निदान पाच वर्षे पुन्हा पुन्हा चालून जावेत; एकाऐवजी चार-पाच वारंवारतांचे ध्वनी वापरावेत; ठरलेल्या खोलीवर उघडणारी व मिटणारी जाळी आणि कॅमेरे बरोबर उतरवावेत; गोळ्याच्या तपासणीच्या नोंदी अहवालासोबत खुल्या असाव्यात. कंदीलमाशांच्या मासेमारीचे परवाने तोवर एकही देऊ नये, असे भाऊसाहेब म्हणाले. मर्यादित टनांचे, शास्त्रज्ञ होडीवर असलेले काही प्रायोगिक परवाने द्यावेत, कारण तीही एक पीककापणीच होईल, असे ताई म्हणाल्या; आणि दक्षिण आफ्रिकेत अशाच माशांचा धंदा ऐंशीच्या दशकात त्यांच्या अंगातील अतिरिक्त तेलामुळे कारखान्यांना झेपेना म्हणून बंद पडला, तेव्हा येथेही गर्दी लगेच होणार नाही, अशी पुस्ती त्यांनी जोडली. भाऊसाहेबांनी विचारले, की ‘प्रायोगिक’ असा शेरा मारून दिलेले परवाने मुदत संपताच रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे राहील, आणि तो अधिकारी मुंबईत बसेल की दिल्लीत. याचे उत्तर त्या नियमांत कुठे सापडते का, हे ताई आता पाहत आहेत.